रियाजाच्या खोलीतील उसना आवाज

ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीच्या इतिहासात एक पडदा फार प्रसिद्ध आहे. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ यांच्या तानेचा मोठा बोलबाला होता, आणि ती विद्या आपल्या घराबाहेर जाऊ नये याविषयी ते अत्यंत दक्ष असत. महाराजांनी हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या दोघा तरुण भावांना पडद्याआड बसवून ते गाणे ऐकविले, आणि त्या भावांनी ते ऐकून ऐकून आपल्या गळ्यावर चढविले, असे परंपरेत सांगतात. सांगणाऱ्यागणिक कथेचा तपशील थोडा बदलतो, गाभा मात्र तोच राहतो. उस्तादाच्या संमतीवाचून विद्या मिळवावयाची तर कानाखेरीज दुसरे साधन नव्हते, आणि तो कानही एकपाठी असावा लागे. कारण ‘ही तान पुन्हा एकवार घ्या’ असे पडद्याआडून म्हणण्याची सोय नव्हती.

हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांचे निधन १९२२ साली कुरुंदवाड येथे झाले. त्यांचा उतारवयातील आवाज तबकड्यांवर उतरलेला आहे. आज इंदूरचा, बडोद्याचा किंवा बेळगावचा एखादा विद्यार्थी त्या तबकडीची फाइल मोबाइलवरील रियाजाच्या ॲपमध्ये घेतो, नेमकी एक तान बोटाने निवडून तीच पन्नास वेळा फिरवितो, तिची गती निम्मी करतो, पट्टी आपल्या गळ्याला बेताची करून घेतो आणि खाली तानपुरा सोडतो. पडदा आता उरला नाही. परंतु ज्या मार्गाने हा आवाज खिशात आला, त्या मार्गावरील प्रत्येक टप्प्याने त्यात काही ना काही फेरफार केलेला आहे. त्या फेरफारांची जाण नसेल, तर विद्यार्थी उस्तादाच्या गाण्याबरोबर यंत्राची खोडही गळ्यावर चढवून बसतो.

एडिसनने १८७७ साली ध्वनी साठविणारे यंत्र सिद्ध केले, आणि दहा वर्षांनी एमिल बर्लिनरने चपट्या तबकडीची कल्पना पुढे आणली. हिंदुस्थानात हा उद्योग आला तो १९०२ साली. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास उतरला, आणि ११ नोव्हेंबरला त्याने गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. मायक्रोफोन तेव्हा नव्हता. गायिकेने एका कर्ण्यात तोंड घालून गावयाचे आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणावर रेघ कोरावयाची, असा तो प्रकार. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची असे. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारीत असे, आणि ही तिची लकब म्हणून आजही कौतुकाने सांगितली जाते. त्यामागे व्यवहार होता. तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीतील हानोव्हर येथे; तेथील कारागिराला कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून हा पुकारा. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि त्या पुकाऱ्याचे प्रयोजन हळूहळू संपले.

तीन मिनिटांची ही मर्यादा क्षुल्लक नव्हे. ज्या ख्यालाच्या नुसत्या बढतीला अर्धा-पाऊण तास लागावयाचा, तो गवयाला तीन मिनिटांत बसवावा लागे. साहजिकच आलाप आखडला, विलंबित लय जवळजवळ हद्दपार झाली, आणि दोन तोंडांच्या मध्ये तानांची दाटी झाली. जुनी माणसे फार चपळ गात असत असा समज आज तबकड्या ऐकणाऱ्यांत आढळतो. त्यातील पुष्कळसा वाटा गवयांच्या वृत्तीचा नसून तबकडीच्या व्यासाचा आहे.

तरीही या तुटपुंज्या तीन मिनिटांनी केवढी माणसे घडविली! बेळगावजवळच्या सुळेभावी गावचा शिवपुत्र कोमकळी हा बालवयातच नामवंतांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊ लागला, आणि कुमार गंधर्व म्हणून जलशांतून गाजला. गदगच्या भीमसेन जोशींना अब्दुल करीम खाँ यांच्या तबकडीने असे काही झपाटले की, १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांनी गुरूच्या शोधात घर सोडले. या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कुमारांना पुढे मुंबईस प्रा. बा. र. देवधरांपाशी शिक्षण घ्यावे लागले, आणि भीमसेन ग्वाल्हेरपासून बरीच भटकंती करून शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारी स्थिरावले. तबकडीने ओढ लावली; पण चूक दाखविण्याचे काम तिला करता आले नाही. देवासला राहून कुमारांनी पुढे जे गाणे घडविले, त्यात तर बालपणीच्या त्या हुबेहूब नकलेचा मागमूसही उरला नव्हता.

उलट काही थोरांनी या यंत्राला दारातच थोपविले. अल्लादिया खाँ १९४६ साली वारले; त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका मागे नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची ध्वनिमुद्रण आणि नभोवाणी या दोहोंविषयीची नाखुशीही प्रसिद्ध आहे. आपली गायकी कोणीही, कोठेही बसून उचलावी हे त्यांना रुचत नसे. दैवाची मौज अशी की, १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अंतराळात धाडली, तेव्हा त्यांतील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर हिंदुस्थानी संगीताच्या वतीने केसरबाईंचीच भैरवी, ‘जात कहाँ हो’, गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले.

त्या तबकडीच्या वेष्टनाची एक हकीकत रियाज करणाऱ्याने अवश्य ध्यानात घ्यावी. ती तबकडी किती गतीने फिरवावी हे वेष्टनावर कोरलेले आहे. एका फेऱ्यास ३.६ सेकंद, आणि तेही हायड्रोजनच्या अणूतील एका नैसर्गिक कालमानाच्या भाषेत, जेणेकरून सेकंद म्हणजे काय हे न जाणणाऱ्यालाही गणित सुटावे. घरच्या तबकड्यांच्या बाबतीत एवढी काळजी कोणी घेतली नव्हती. ‘७८ फेऱ्यांची’ हे नाव नंतर रूढ झाले. आरंभीच्या काळात मुद्रणाची गती कमी-अधिक असे. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजविली की स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतो. म्हणजे पांढरी एकमध्ये गाणारा गवई काळी एकच्या सुमारास ऐकू येतो, तान आहे त्याहून चपळ भासते, आणि आवाजाचा भरदारपणा पातळ होतो. अशा तबकडीवरून केलेली फाइल मोबाइलमध्ये आली म्हणजे ही चूकही तिच्यासोबत येते. अमुक उस्ताद अमुक पट्टीत गात असत असे छातीठोक सांगणाऱ्यांनी प्रथम ती तबकडी कोणत्या गतीने फिरविली होती याची चौकशी करावी. गौहर जानच्या पुकाऱ्याचा येथे एक अनपेक्षित उपयोग होतो. गाण्यातील गतीची चूक कानाला चकवते, परंतु बोलणाऱ्या माणसाचा आवाज किंचित चिरका झाला तरी तो चटकन खटकतो.

पुढे टेप आली आणि गतीची ही चूक विद्यार्थ्यांनी मुद्दाम करावयास आरंभ केला. स्पूलच्या यंत्रावर सेकंदास साडेसात इंचांनी मुद्रित केलेली टेप पावणेचार इंचांनी वाजविली की तान बरोबर निम्म्या वेगाने उलगडे. मात्र तीव्र मध्यम मध्यसप्तकाऐवजी मंद्रात ऐकू येई. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली, आणि पुढील दोन दशकांत ती घरोघर पोहोचली. गुरूची तालीम प्रथमच शिष्याच्या घरी जाऊ लागली, ही कॅसेटची फार मोठी देणगी होय. तिचा दोष असा की, सेल उतरले की गुरुजीही उतरत. १९७९ च्या सुमारास बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला, आणि कॅसेटशेजारी ही पेटी ठेवून तिचा स्वर कॅसेटशी जुळविणे हा रियाजापूर्वीचा नित्यविधी होऊन बसला.

गती बदलावी पण स्वर हलू नये, ही युक्ती मुळात संगीतासाठी निघालेली नाही. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील फ्लॅनागन आणि गोल्डन यांनी १९६६ साली मनुष्याच्या भाषणासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली. आवाजाचे अतिसूक्ष्म तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यात कोणकोणती कंपने आहेत हे मोजावयाचे, आणि तीच कंपने अधिक काळ ताणून पुन्हा जोडावयाची. हे गणित प्रचंड आहे. संगणक स्वस्त होईपर्यंत ते सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले नाही. दरम्यान १९८२ साली सीडीने ध्वनीचे आकडे केले, सेकंदाला ४४,१०० नोंदी. आणि १९९५ साली नाव मिळालेल्या ‘एमपी३’ने त्यातील जे कानाला सहसा जाणवत नाही ते गाळून तोच ऐवज दहाव्या-अकराव्या हिश्श्यात बसविला. भाषणाला हे मानवते. तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी मात्र फार दाबलेल्या फाइलीत अंधुक होते. त्यावर गती निम्मी केली की तबल्याच्या ‘ना’ची टोकदार थाप पसरट होते, आणि गमकाचे आंदोलनही निम्मे मंदावते. ते मंद आंदोलन जसेच्या तसे उचलले तर गमक राहत नाही, नुसता हेलकावा राहतो. स्त्रीच्या काळी चारमधील गाणे पुरुषाने काळी एकवर उतरविले, तर सात अर्धस्वरांच्या त्या घसरणीत गळ्याचा मूळ पोतही ओळखू येईनासा होतो. एक-दोन अर्धस्वरांपर्यंत ठीक. त्यापुढे यंत्राचे ऐकण्यापेक्षा स्वतः षड्ज बदलून म्हणावे हे अधिक शहाणपणाचे.

आता मोबाइल. २००८ च्या जुलैमध्ये आयफोनसाठी ॲपची बाजारपेठ उघडली. पण आरंभी प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत राहावे अशी रचना होती. फोनमध्ये गाणी होती, रियाजाचे ॲप होते, आणि दोघांमध्ये भिंत होती. २००९ साली ॲपला संग्रहातील गाणे वाजविण्याची मुभा मिळाली. परंतु नुसते वाजविण्याची. त्याच्या आकड्यांना हात लावण्याची नव्हे, म्हणून गती कमी करणे अशक्यच राहिले. २०१० साली तीही वाट मोकळी झाली, आणि संगणकाला तार जोडून फाइल थेट ॲपच्या खोलीत ठेवण्याची सोयही त्याच वर्षी आली. २०१४ पासून दुसरीकडील फाइल आतूनच निवडता येऊ लागली; २०१७ साली ‘फाइल्स’ हे स्वतंत्र कपाट आले. अँड्रॉइडचा प्रवास उलट दिशेने झाला. तेथे आरंभी सारे कपाट उघडे होते; २०१३ साली फाइल निवडण्याची ठराविक खिडकी आली, आणि २०१९ पासून भिंती घातल्या गेल्या.

भिंतींपेक्षा कुलपांनी विद्यार्थ्यांना अधिक छळले. आयट्यून्सच्या दुकानात विकत घेतलेल्या गाण्यांवरील कुलूप २००९ साली निघाले. परंतु मासिक वर्गणीवर ऐकावयाच्या गाण्यांना कुलूप असतेच. ती फोनमध्ये उतरविलेली दिसली तरी रियाजाच्या ॲपमध्ये घेता येत नाहीत. पुष्कळांना हा ॲपचा दोष वाटतो. तो नाही, ते गाणे विकत घेतलेले नसून भाड्याचे आहे.

आणखी एक घोटाळा नेहमीचा. फाइल आत घेतली म्हणजे बहुधा तिची दुसरी प्रत ॲपच्या खोलीत तयार होते. मूळ फाइल जागा अडते म्हणून पुसली जाते, आणि पुढे कधी ॲपच काढून टाकले की ती प्रतही त्याच्याबरोबर जाते. गुरूच्या तालमीची फाइल असेल तर तिला जगात तिसरी प्रत नसते. बाजारातील कोणतेही गाणे पुन्हा मिळेल. मंगळवारी सकाळी गुरुजींनी ‘येथे निषाद थोडा वर ठेव’ म्हणून जो दाखविला, तो पुन्हा मिळावयाचा नाही. अशा फाइली ॲपच्या बाहेर, संगणकावर किंवा अन्यत्र, वेगळ्या जपून ठेवणे एवढाच त्याला उपाय आहे. त्या मुद्रित करण्यापूर्वी गुरुजींची संमती घेण्याचा रिवाज बहुतेक घरांत अजून टिकून आहे, आणि काही गुरुजी आजही फोन खोलीबाहेर ठेवावयास सांगतात.

त्या फाइलींना फोन स्वतःहून नाव देतो ते ‘रेकॉर्डिंग ४७’ असे काहीतरी. वर्षभरात अशा दोनशे साठल्या म्हणजे रामकलीची तालीम कोणती आणि भैरवाची कोणती हे धुंडाळण्यातच रियाजाची वेळ सरते. काही विद्यार्थी म्हणून तालीम मुद्रित करताना आरंभी घटकाभर नुसता तानपुरा ऐकू देतात, आणि मग स्वतःच्या आवाजात रागाचे नाव, पट्टी व तारीख सांगतात. हानोव्हरच्या कारागिरासाठी गौहर जान तेच करीत असे, फक्त ती ते शेवटी करी.