शिवी : शापापासून कलमापर्यंत

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत उंबरठ्याच्या आत 'शिवी' असते आणि बाहेर 'गाली'. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून येथील लष्कर वसले, तेव्हापासूनचे हे शेजारपण आहे. त्यामुळे 'गाली' हा केवळ हिंदीचा शब्द, असे आम्ही धरून चालतो. वस्तुतः संस्कृत 'गालि'पासून आलेला 'गाळ' हा शब्द जुन्या मराठीतही शिवी याच अर्थाने होता. कोकणीत तो आजही आहे. त्याची साक्ष दगडांवर मिळते.

शिलाहार व यादव काळातील कित्येक दानलेखांच्या शिळांवर गाढव व स्त्री यांचे शिल्प आढळते. त्यास 'गद्धेगाळ' म्हणतात. वर सूर्यचंद्र, म्हणजे दान चिरकाल टिको. खाली हे शिल्प, म्हणजे दान मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होवो. परळ येथील अपरादित्याच्या ११८७ च्या लेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे, शापाचे वाक्य मात्र मराठीत. आम्हांस याचे कारण उघड दिसते. दानाची भाषा पंडितांना कळली तरी भागत असे. धमकी मात्र जमीन बळकावू पाहणाऱ्यास कळणे आवश्यक होते.

वकिली दृष्टीने पाहता ही शिक्षेची तरतूदच होय. आज दान देणाऱ्या राजाचा हुकूम उद्याच्या राजावर चालेलच, याची हमी नव्हती. जेथे दंड पोहोचणार नाही, तेथे अब्रूची भीती पोहोचावी, अशी ही योजना होती.

समाजाने शिवीला राखीव जागाही दिली. शिमग्याची बोंब सर्वपरिचित आहे. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकींना शिव्या देतात. त्यास 'बोरीचा बार' म्हणतात. ग्वाल्हेरलगतच्या बुंदेलखंडात लग्नाच्या पंगतीत वरपक्षाला 'गारी' गातात. तेथे शिवी रागाची नसते, नात्याची असते.

ठरलेला दिवस आणि ठरलेले नाते सुटले, की तीच शिवी गुन्हा ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक अश्लील शब्दांसाठी कलम २९६, तर शांतताभंगास चिथावणाऱ्या हेतुपुरस्सर अपमानासाठी कलम ३५२ आहे. परंतु शिवीची रचना आठशे वर्षांत फारशी बदललेली नाही. अपराध पुरुषाचा, आणि विटंबना त्याच्या आईबहिणीची.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात दर्जा मिळाला. भाषेच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून आम्ही हे शिलालेख अभिमानाने पुढे करतो, आणि त्यांतील मराठी वाक्य मात्र संकोचाने वगळतो. ते वाक्य पूर्ण वाचले पाहिजे. भाषेचे वय त्यातून कळते, आणि त्या भाषेने कोणाच्या अब्रूवर आपला धाक उभा केला, हेही कळते.