नोंदवहीत नसलेली पुस्तके

पनवेलच्या एका जुन्या वाचनालयात रविवारी सकाळी आम्ही काही जण मुलांना घेऊन बसतो. टेबलावर कॉमिक्स पसरलेली असतात. काही आमच्याच माळ्यावरच्या पेटीतून निघालेली, काही रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेली. प्रत्येकाने एक उचलायचे, वाचायचे आणि मग त्यावर सगळ्यांसमोर बोलायचे, एवढाच नेम. मोहल्ल्यातली मुले येतात, गावातल्या आळ्यांमधली येतात, नव्या वसाहतींमधलीही येतात.

अशाच एका रविवारी सहावीतल्या मुलीने विचारले, "चाचा, यात आपल्यासारखी नावे कुठे आहेत?" मग मुलांनी हातातली सगळी कॉमिक्स चाळली आणि बोटे मोजली. सुलतान निघाले, सरदार निघाले, दोन-तीन पहारेकरी निघाले. पण तिच्या अब्बांसारखा रिक्षा चालवणारा, तिच्या आपासारखी शाळेत शिकवणारी कुणी निघाली नाही. मुलगी गप्प बसली. आम्हीही गप्प बसलो, कारण आमच्या लहानपणी हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता.

आमचे लहानपण म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सचा काळ. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च 1964 मध्ये ही मालिका सुरू केली. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 1936 साली निर्माण केलेला फँटम आमच्याकडे वेताळ होऊन आला आणि मराठी बोलू लागला. त्याच्यामागून जादूगार मॅन्ड्रेक आला. एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर ही कॉमिक्स टांगलेली असत. विकत घेण्याची ऐपत नव्हती. गल्लीतल्या दुकानात चार-आठ आणे भाड्याने मिळत, ती आणायची आणि ओट्यावर बसून पाच जणांनी एकदम वाचायची. पान कुणी उलटायचे यावरून भांडणे होत.

आमच्या घरात कोकणी बोली, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी. उर्दूत दिल्लीचे ‘खिलौना’ मासिक हाती पडे. पण छापील मराठीची भीती आमच्यापैकी अनेकांच्या मनातून पहिल्यांदा गेली ती वेताळामुळे. चित्र पाहून अर्थ लागायचा, अर्थ लागला की शब्द ओळखीचा व्हायचा. मराठीची ही शिकवणी आम्हाला कुणी मुद्दाम लावली नव्हती, म्हणूनच ती टिकली.

इंद्रजालच्या संपादकांनी एक गोष्ट मात्र जाणीवपूर्वक केली होती. मूळ कथेत वेताळाचे जंगल ज्या देशात आहे त्याचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते. ते बदलून भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ केले गेले. वेताळाच्या पूर्वजाला मारणाऱ्या समुद्री चाच्यांच्या टोळीचे मूळ नाव ‘सिंग’ होते. ते ‘सिंगा’ झाले. एखाद्या समाजाला आपले नाव खलनायकाच्या कपाळी दिसले तर काय वाटेल, याचा विचार त्या टेबलावर कुणीतरी केला होता. नाव ही साधी गोष्ट नसते, हे कॉमिक्स छापणाऱ्यांना 1964 पासून ठाऊक होते.

याच इंद्रजालच्या कामाचा अनुभव घेतलेले अनंत पै यांनी 1967 साली ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. तिच्यात आमच्या ओळखीची नावे आली. अकबर आला, नूरजहाँ आली, रझिया सुलताना आली, कबीर आला. अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवणारी चाँदबिबीही आली. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण ही सगळी माणसे तख्ताची, दरबाराची किंवा संतपदाला पोचलेली. ऐतिहासिक कॉमिक्समध्ये आमचा माणूस येतो तो तलवार घेऊन किंवा ताज घालून. जाळे विणणारा, विडी वळणारा, शाई लागलेल्या बोटांनी छापखान्यात खिळे जुळवणारा मुसलमान चौकटीत शिरत नाही. मुले इतिहास पाठ्यपुस्तकाआधी चित्रांतून शिकतात. शेजारच्या मुलाने आपल्याला फक्त चढाई करणाऱ्या फौजेतच पाहिले असेल, तर वर्गातल्या बाकावर तो आपल्याला कसे पाहील?

मात्र प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती आम्हाला त्या मुलीमुळेच सापडली. चौकटीच्या आत शोधून झाल्यावर आम्ही चौकटीच्या बाहेर, म्हणजे श्रेयनामावलीत शोधू लागलो. अमर चित्र कथेतली मीराबाई यूसुफ लीन यांनी चितारली होती. कृष्णभक्तीत रंगलेली जी मीरा देशभरातल्या घरांत पोचली, तिला रेषा दिली ती एका यूसुफने.

आणि वेताळाच्या इंद्रजालमध्ये 1976 साली जो पहिला गाजलेला भारतीय नायक आला, त्या ‘बहादुर’चे निर्माते होते आबिद सुरती. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा हा तरुण चंबळच्या डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याने तो मारला, त्यानेच मुलाला वाढवले. सूडाच्या वाटेवरून परतलेला बहादुर पुढे गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. कायदा आपण मोडायचा नाही आणि दुसऱ्यालाही मोडू द्यायचा नाही, ही त्याची शिकवण आम्ही ओट्यावर बसून घोकली. लेखकाचे नाव मात्र वाचले नव्हते.

सुरती 1935 साली गुजरातेत जन्मले आणि मुंबईच्या डोंगरीत वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना नेणाऱ्या गाडीमागे पोरे धावत. एका गोऱ्या सैनिकाने कॉमिक फेकले, पोरांनी झडप घातली, ते फाटले आणि आबिदच्या हाती एकच पान आले. ते पान गिरवता गिरवता तो चित्रकार झाला, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ‘धर्मयुग’मधले त्यांचे ‘ढब्बूजी’ अनेक वर्षे हिंदी वाचकांना हसवत राहिले. त्यांनीच 2007 पासून मीरा रोडला घरोघर जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करवून देण्याचे काम सुरू केले. असा माणूस आमच्या शेजारच्या मुंबईत राहत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आमच्या घरांत कॉमिक्सला विरोधही होता. अभ्यास बुडतो, ही एक तक्रार. तसवीर घरात नको, ही दुसरी. तसवीरीच्या प्रश्नावर मतभेद होते आणि राहतील, वडीलधाऱ्यांच्या श्रद्धेचा आम्ही अनादर करत नाही. पण चित्रातून गोष्ट सांगणे ही परक्यांची चीज आहे, असे जे म्हटले जाते ते इतिहासाला धरून नाही. पैगंबरांचे चुलते अमीर हमजा यांच्या साहसकथांचा ‘हम्झानामा’ अकबराने चितारून घेतला. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली सुमारे 15 वर्षे काम चालले, सुतीवर 1400 मोठी चित्रे झाली. पुढे चित्र, मागे मजकूर. चित्र सभेसमोर धरायचे आणि कथा वाचून दाखवायची, अशी ती रीत असावी असे अभ्यासक मानतात. आमच्या कोकणात, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी हेच करत आले. म्हणजे चार माणसांनी जमून चित्रे पाहायची आणि त्यावर बोलायचे, हे रविवारचे आमचे काम काही नवे नाही.

नवे काही करायचे असेल तर ते वाचनालयांना. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा, अमर चित्र कथेच्याच वर्षीचा. पण आम्ही पाहिलेल्या बहुतेक वाचनालयांत कॉमिक्सना ना दाखल क्रमांक मिळाला ना कपाट. ती आली तशी फाटली आणि रद्दीत गेली. इंद्रजाल 1990 मध्ये 803 अंक काढून बंद पडले. त्याचे मराठी अंक आज शोधू म्हटले तर संग्राहकांची दारे ठोठवावी लागतात. ज्या पुस्तकाची नोंद नाही त्याचा इतिहास लिहिता येत नाही, आणि आपल्या समाजाइतके हे दुसरे कुणाला कळणार?

जग पुढे गेले आहे. मार्जान सत्रापी या इराणी लेखिकेने आपले बालपण चित्रांत मांडले, त्या ‘पर्सेपोलिस’चा पहिला भाग 2000 साली फ्रान्समध्ये निघाला. 2014 मध्ये अमेरिकेत कमला खान ही पाकिस्तानी वंशाची शाळकरी मुलगी स्वतःच्या मालिकेची नायिका झाली. तिच्या घरात अम्मीची बोलणी आहेत, मशीद आहे, परीक्षा आहेत. मग खाडीकाठच्या मोहल्ल्यातली, कोकणी बोलणारी, मराठीत निबंध लिहिणारी नायिका कुणी काढायची? ती अमेरिकेतून येणार नाही.

त्या मुलीला आम्ही शेवटी एवढेच सांगितले की नावे आहेत, पण ती चित्राखाली बारीक अक्षरात आहेत. तिने बहादुरचा अंक उघडून आबिद सुरतींचे नाव शोधले आणि वहीत उतरवून घेतले. पुढच्या रविवारी ती रेघांची वही सोडून कोरी वही घेऊन आली. पहिल्या पानावर तिने एक रिक्षा काढली आहे. चालकाचा चेहरा अजून जमलेला नाही, असे म्हणते.

तिची वही पूर्ण होईपर्यंत वाचनालयाच्या नोंदवहीत कॉमिक्ससाठी एक रकाना तयार असावा, असा अर्ज आम्ही दिला आहे.