सेप्टिमसचा अपराध : आघात, संवेदनशून्यता आणि निदानाचा इतिहास

व्हर्जिनिया वुल्फच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) या कादंबरीतील सेप्टिमस वॉरन स्मिथकडे 'आघातोत्तर ताणविकृती'चे उदाहरण म्हणून पाहण्याची प्रथा समीक्षेत रुळली आहे. युद्धात मारला गेलेला त्याचा अधिकारी एव्हन्स त्याला रीजंट्स पार्कमध्ये दिसतो. अखेरीस सेप्टिमस खिडकीतून उडी घेऊन जीवन संपवतो. लक्षणे जुळतात, परंतु या जुळणीत त्याच्या अपराधभावाचे स्वरूप झाकले जाते. आपण वाचलो, यापेक्षा एव्हन्सच्या मृत्यूने आपल्याला काहीच वाटले नाही, ही सेप्टिमसची खरी टोचणी आहे.

'शेल-शॉक' ही संज्ञा चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'द लॅन्सेट'मधील लेखातून वैद्यकीय लेखनात आणली. आघाताचे कारण बाहेर, तोफगोळ्यात आहे, असे तिने सुचवले. त्यामुळे रुग्ण जखमी की भ्याड, हा प्रश्न लष्करापुढे उभा राहिला. पलायन, भ्याडपणा आदी आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने माफी दिली ती थेट २००६ मध्ये. लॉर्ड साउथबरो यांच्या समितीने १९२२ च्या अहवालात ही संज्ञाच वगळण्याची शिफारस केली. त्याच वर्षी वुल्फची ही कादंबरी आकार घेऊ लागली होती. मूळ आराखड्यात सेप्टिमस नव्हता, मृत्यू क्लॅरिसाच्या वाट्याला यायचा होता, असे वुल्फने १९२८ च्या प्रस्तावनेत नमूद केले आहे.

कादंबरीत अपराधभावाला निश्चित सामाजिक पूर्वेतिहास आहे. युद्धाने सेप्टिमसला पौरुष शिकवले आणि बढती दिली. युद्धविरामाच्या तोंडावर एव्हन्स इटलीत मारला गेला, तेव्हा आपण फारसे विचलित झालो नाही याचे सेप्टिमसने स्वतःशीच कौतुक केले. रणांगणावर जो गुण होता तोच शांतताकाळात पाप ठरतो. आपल्याला काही जाणवत नाही या भयातूनच तो मिलानमध्ये लुक्रेझियाशी विवाह ठरवतो. डॉक्टर सर विल्यम ब्रॅडशॉ ज्या 'प्रमाणबद्धते'चा पुरस्कार करतात, ती भावनेला आवर घालण्याचीच शिकवण आहे. उपचार अशा रीतीने आघाताची पुनरावृत्ती करतो.

व्हिएतनाम युद्धानंतर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये या विकृतीला अधिकृत मान्यता दिली, तेव्हा 'वाचल्याचा अपराधभाव' लक्षणांच्या यादीत होता. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत त्याला मुख्य निकषांतून बाहेर काढण्यात आले. २०१३ मध्ये अपराधभाव निकषांत परतला, आणि त्यासोबत 'विपर्यस्त' आत्मदोषारोपही आला. नेमक्या याच विशेषणापाशी कादंबरी वैद्यकापासून वेगळी होते. सेप्टिमस आरोप चुकीच्या व्यक्तीवर, म्हणजे स्वतःवर करतो. आरोप मात्र खोटा नाही. एव्हन्सच्या मृत्यूचे कोणाला तरी काही वाटायला हवे होते.

त्यामुळे शेवटच्या मेजवानीचा प्रसंग निर्णायक ठरतो. ब्रॅडशॉ रिचर्ड डॅलोवेला सांगतात की, शेल-शॉकच्या उशिरा उमटणाऱ्या परिणामांसाठी विधेयकात तरतूद हवी. मागणी न्याय्य आहे, पण तिच्यात सेप्टिमस हे केवळ एक 'प्रकरण' उरते. त्याला कधीही न पाहिलेल्या क्लॅरिसाला मात्र तो मृत्यू स्वतःच्या देहात जाणवतो आणि त्यात तिला आपलीही नामुष्की दिसते. सेप्टिमसने एकट्याने वाहिलेला अपराधभाव येथे, क्षणभर का होईना, त्याला युद्धावर पाठवणाऱ्या वर्गाकडे परततो. निदानाच्या परिभाषेत या परतण्याला जागा नाही. कादंबरीच्या रचनेत ती आहे.