रविवारच्या सुट्टीचा इतिहास

परगावी नोकरीस असलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांस पुसेगावी येणे घडते ते बहुधा रविवारी. हा रविवार मुंबईच्या गिरणी कामगारांनी झगडून मिळविला, हे मात्र थोड्यांस ठाऊक असते. म्हणून तो इतिहास आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापिली. पुढे गिरण्या झपाट्याने वाढल्या आणि कोकण व देशावरील गांजलेली कुटुंबे पोटासाठी तेथे गेली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम आणि हाती उशिरा पडणारा पगार, अशी त्यांची स्थिती होती. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाचे तास ठरविले. प्रौढांच्या तासांस मर्यादा घातली नाही.

महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधु’ पत्रातून या दैन्यास वाचा फोडली. सप्टेंबर १८८४ मध्ये सभा भरवून त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. साप्ताहिक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई, या त्यातील मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले; दोन स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीस सरकारी आधार मिळाला. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांसही हिंदी गिरण्यांवर निर्बंध हवेच होते. परंतु त्यांना चिंता व्यापारातील चढाओढीची होती, कामगारांच्या कष्टांची नव्हे.

त्या काळी आपले पुसेगाव निजामाच्या राज्यात होते. इंग्रजी मुलखातील कायदा तेथे चालत नसे.

या इतिहासातून ज्ञातिसंस्थांनी घ्यावा असा एक बोध आहे. लोखंडे यांच्या संघास सभासदांची नोंदवही नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. १८९७ साली लोखंडे निवर्तले आणि संघाचे कार्य मंदावले. कामगार संघांस कायद्याची मान्यता मिळण्यास १९२६ साल उजाडावे लागले. थोर पुरुष कार्य आरंभितो. परंतु ते पुढे चालते नोंदवही, हिशेब व नियमित वर्गणी यांच्या बळावर. शिवाय गिरणीत अनेक जातिधर्मांचे लोक एकत्र राबत होते आणि मिळालेला रविवार सर्वांचाच झाला. आपल्या मंडळाने नोंदवही चोख ठेवावी. आणि आपल्या मुलांसाठी जे मागावे, ते शेजाऱ्याच्या मुलांसाठीही मागावे, इतकीच आमची विनंती आहे.