खरीप आणि रब्बी

धाराशिवच्या काळ्या रानात हस्ताचा पाऊस पडला की शाळूसाठी पाभर जुंपतात, ती रब्बीची पेरणी. अरबीत ‘रबी’ म्हणजे वसंत, ‘खरीफ’ म्हणजे शरद. ही नावं पेरणीवरून नव्हे, काढणीवरून पडली. शाळू निघतो तो वसंताच्या तोंडाशी. सुलतानी अमदानीत फारसी दप्तरांतून हे शब्द आपल्याकडे रुजले. ‘महसूल’, ‘तालुका’, ‘जिल्हा’ हेही मुळात अरबीच. मला खरा आनंद होतो तो ओमानमधल्या धोफारचा. तिथे सलाला शहरात जून ते सप्टेंबरच्या पावसाळी दिवसांनाच ‘खरीफ’ म्हणतात, आणि ते ढग आणणारा नैर्ऋत्य मोसमी वाराच भूम-परंड्याचं सोयाबीन भिजवतो. हा ‘मोसम’सुद्धा अरबी ‘मौसिम’मधून आलेला.