वास्तू, कार्य आणि विश्वस्त

जुहू म्हटले की समुद्रकिनारा, नारळीची झाडे आणि चित्रपटसृष्टीतील धनिकांचे बंगले एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु महत्कार्यास प्रासाद लागत नाही, हे या गावाने फार पूर्वी सिद्ध केले आहे. १९२८ साली येथे मुलकी विमानतळ सुरू झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कै. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे येथेच उतरले. त्या विमानसेवेचे जुहू येथील ठाणे म्हणजे झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी होती. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरे व सारा पसारा पुण्यास हलवावा लागे. तरीही त्या झोपडीतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

आज त्याच जुहूत आणि लगतच्या अंधेरी-विलेपार्ल्यात जुने बंगले पडून तेथे मनोरे उठत आहेत. दुसरीकडे, २०२० सालच्या महामारीपासून घरी बसून संगणकावर काम करण्याची रीत रूढ झाली. पण दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात निवांत कोपरा मिळणे किती दुरापास्त, हे आपल्या अनेक कुटुंबांस सांगावयास नको. म्हणून जुनी वास्तू दुरुस्त करून तीत अनेकांनी मिळून वापरावयाचे कार्यालय थाटावे, ही कल्पना पुढे आली आहे. तिला ‘को-वर्किंग’ असे नवे नाव मिळाले असले, तरी मुंबईस ती मुळीच नवी नाही.

आझाद हिंद सेनेच्या वीरांचा लाल किल्ल्यात बचाव करणारे कै. भुलाभाई देसाई १९४६ साली निवर्तले. त्यांच्या वॉर्डन रोडवरील बंगल्यात पुढे त्यांच्या नावाची स्मारक-संस्था निघाली व तेथील खोल्या नाममात्र भाड्याने कलावंतांस मिळू लागल्या. एका खोलीत वासुदेव गायतोंडे रंगवीत, दुसरीकडे मकबूल फिदा हुसेन. पंडित रविशंकरांची ‘किन्नर’ संगीतशाळा तेथेच भरे आणि इब्राहिम अल्काझींचा ‘थिएटर युनिट’ तेथेच तालमी करी. १९६० साली स्थापन झालेल्या श्रीमती विजया मेहता यांच्या ‘रंगायन’नेही आपले प्रयोग तेथे केले. चित्रकार, वादक आणि नट एकाच जिन्याने चढत-उतरत. एकाचे काम दुसरा पाही, त्यावर बोले, वाद घाली. एका बंगल्याने मराठी रंगभूमीस आणि भारतीय चित्रकलेस केवढे देणे दिले, याचा हिशेब मांडणे कठीण आहे.

असे असूनही तो बंगला आज उभा नाही. त्या जागी आकाशगंगा ही उंच इमारत आहे. तेथे कार्याची वाण नव्हती, गुणिजनांची तर नव्हतीच. परंतु भूमीचे मोल कार्याच्या मोलापेक्षा वरचढ ठरले.

याच्या उलट उदाहरण गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबाचे. इंग्रजी अमदानीत ज्या क्लबाचे सभासदत्व भारतीयांस मिळत नसे, त्याच्याच वास्तूत १९४९ साली डॉ. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था दाखल झाली. त्याआधी ती पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्याच्या काही भागात होती. जेथे साहेबलोक संध्याकाळ घालवीत, तेथे आपले तरुण शास्त्रज्ञ गणिते सोडवू लागले. १९६२ साली संस्था कुलाब्याच्या नव्या इमारतीत गेली. पण जुनी वास्तू पोरकी झाली नाही, कारण ती अणुऊर्जा विभागाच्या हाती राहिली. सार्वजनिक कार्यास सार्वजनिक धनी लाभला, म्हणून ती तगली.

आता पुन्हा जुहूकडे वळू. अल्काझी १९६२ साली दिल्लीस गेल्यावर ‘थिएटर युनिट’ची धुरा सत्यदेव दुबे यांनी वाहिली आणि पुढे त्यांच्या नाटकांस जुहूच्या पृथ्वी थिएटरात हक्काचे स्थान मिळाले. पृथ्वीराज कपूर यांनी १९६२ साली जानकी कुटीर येथे जागा भाड्याने घेतली होती. १९७२ साली त्यांचे निधन झाले. शशी व जेनिफर कपूर यांनी ती जागा मिळविली, १९७५ साली स्मारक-न्यास स्थापिला, आणि ५ नोव्हेंबर १९७८ रोजी थिएटर उघडले. त्या वेळी गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या नाटकाचा प्रयोग झाला. ही वास्तू जुनी नव्हे. परंतु वॉर्डन रोडवर जे सुटले ते येथे सांभाळले गेले. कार्याआधी न्यास झाला होता.

या तीन उदाहरणांचा बोध आम्हांस असा वाटतो : वास्तू भावनेने टिकत नाही, ती कार्याने टिकते, आणि कार्यही केवळ उत्साहाने टिकत नाही, त्यास विश्वस्त लागतो. आपल्यासारख्या अनेक ज्ञातिसंस्थांजवळ पूर्वजांनी पै-पै जमवून बांधलेली सभागृहे आणि वसतिगृहे आहेत. लग्नसराई सोडता त्यांतील कित्येक दालने वर्षभर कुलूपबंद असतात. तेथे मेजे, वीज, इंटरनेट आणि शांतता एवढे जरी पुरविले, तरी आपल्या मुलामुलींची केवढी सोय होईल!

मात्र त्यापूर्वी काही पथ्ये पाळावयास हवीत. चुन्याच्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवू नये. आतील ओल कोंडते आणि भिंत पोखरते. आडभिंती उद्या काढता येतील अशा असाव्यात. विजेच्या तारा नव्या घालाव्यात व आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवावी. वास्तू वारसा-यादीत असल्यास १९९५ सालापासून मुंबईत लागू झालेल्या वारसा-नियमांप्रमाणे परवानगी घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भाडे किती, कोणास, व विक्रीचा प्रस्ताव आल्यास निर्णय कोणी घ्यावयाचा, हे न्यासाच्या घटनेत आधीच लिहून ठेवावे. विकासकाचा भला मोठा आकडा समोर आल्यावर हा विचार सुरू केला, तर फार उशीर झालेला असतो.

पूर्वजांनी आपल्यास वास्तू दिल्या, त्या कुलूप लावण्यासाठी नव्हेत आणि मोडण्यासाठीही नव्हेत. त्यांत पुन्हा माणसे कामास बसती झाली, तर त्यांचे ऋण काही अंशी तरी फिटेल, अशी आमची नम्र भावना आहे.