गव्हाणीतला दारूचा चोथा आणि न्यूयॉर्कचं निळसर दूध

पशुखाद्याच्या दुकानात हल्ली एक शब्द सारखा कानावर येतो, डीडीजीएस. मका किंवा तांदळापासून इथेनॉल, दारू काढल्यावर जो चोथा उरतो, तो वाळवून केलेलं हे खाद्य. पेंडीपेक्षा स्वस्त, म्हणून चालतंय. वाईट आहे का? थांबा. आधी एक जुनी गोष्ट.

१८४० च्या आसपास न्यूयॉर्क शहर झपाट्याने वाढत होतं. चराऊ कुरणं संपली, दुधाची मागणी मात्र वाढली. व्हिस्कीच्या भट्ट्यांना रोजचं पाणचट, गरम उरलंसुरलं टाकायचं कुठं हा प्रश्न होता. तोडगा निघाला. भट्टीला लागूनच गोठे उभे राहिले आणि ती गरम मळी थेट गव्हाणीत सोडली गेली. हजारो गाई दाटीवाटीने बांधलेल्या, चारा जवळपास नाहीच. दात किडायचे, शेपट्या सडून गळायच्या. दूध पातळ, निळसर. मग त्यात खडू, पीठ घालायचं आणि गाडीवर लिहायचं, ‘शुद्ध गावाकडचं दूध’. प्यायची कोण? गरिबांची तान्ही पोरं.

रॉबर्ट हार्टली या समाजसेवकाने १८४२ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. ढिम्म कुणी हललं नाही. मे १८५८ मध्ये फ्रँक लेस्ली यांच्या सचित्र साप्ताहिकाने गोठ्यांत चित्रकार पाठवले आणि उभं राहता न येणाऱ्या गाईचं दूध काढतानाची चित्रं छापली. शहर हादरलं. नगरपालिकेने चौकशी समिती नेमली. त्यातले नगरसेवक मायकल टुओमी भट्टीवाल्यांचीच बाजू घेऊन बसले. निष्कर्ष काय? दूध घातक नाही, गोठ्यात हवा जरा खेळती ठेवा! (ओळखीचं वाटतंय ना?) साप्ताहिकाने पिच्छा सोडला नाही, डॉक्टरही पुढे आले आणि १८६२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने असल्या दुधाविरुद्ध कायदा केला. त्यानंतरही धंदा लगेच थांबला नाही, हा भाग वेगळा.

आता दुसरी बाजू. स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीचा हाच चोथा पिढ्यान्‌पिढ्या जनावरं खातात. धान्यातला स्टार्च दारूत जातो, प्रथिनं आणि तंतू मागे उरतात. म्हणजे खाद्य म्हणून माल चांगलाच. पण तिथे तो चाऱ्यासोबत, मापात देतात. तांब्याच्या भट्टीतल्या उरल्या द्रवात तांबं उतरतं, ते मेंढ्यांना विषारी, म्हणून त्याचा पाक मेंढ्यांना घालत नाहीत.

म्हणजे दोष चोथ्याचा नव्हता. फुकटात मिळतं म्हणून तेवढ्यावरच जनावर जगवण्याचा होता, आणि डोळेझाक करणाऱ्यांचा.

आपल्यासाठी मुद्दा साधा आहे. शंभर किलो मक्यातून साधारण तीस किलो चोथा उरतो. मक्याला बुरशी लागलेली असेल तर तिचं विष दारूत जात नाही, चोथ्यात राहतं, तेही जवळपास तिप्पट होऊन. ते अफ्लाटॉक्सिन गाईच्या पोटातून दुधात उतरतं. ओला चोथा तर दोन-चार दिवसांत खराब होतो.

म्हणून पोतं घेताना भावासोबत तपासणीचा दाखलाही मागा. दूध संघाच्या सभेत विचारा, खाद्याची अफ्लाटॉक्सिन चाचणी शेवटची कधी झाली? न्यूयॉर्कला हा प्रश्न कुणीतरी विचारून छापून येईपर्यंत सोळा वर्षं गेली. आपण तेवढी थांबायची गरज नाही.